छडीच्या बाजूने पावलॉव्हची साक्ष निघत नाही

‘आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो’ हे वाक्य माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत, निरोप समारंभांत, शिक्षक दिनाच्या भाषणांत इतक्या वेळा ऐकू येतं की त्याला पुरावा मागायचं कोणाच्या मनातही येत नाही. अलीकडे त्याला शास्त्राची जोड मिळाली आहे. वक्ता थोडं वाचलेला असेल तर तो पावलॉव्हच्या कुत्र्याचा दाखला देतो. घंटा आणि लाळ, बक्षीस आणि शिक्षा. प्राणी असेच शिकतात, मूलही असंच शिकतं, हे विज्ञानानेच सिद्ध केलं आहे, आणि तुम्ही छडी काढून घेऊन शिक्षणाचा पायाच काढून घेतलात, असा तो युक्तिवाद. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली. या मंडळींच्या मते ते कलम म्हणजे कधी वर्गात पाऊल न टाकलेल्या हळव्या माणसांचं काम.

हा युक्तिवाद मला मुळापासून खोडायचा आहे, आणि त्यासाठी मी कायद्याचा आधार घेणार नाही. ज्या संशोधनाचा हवाला दिला जातो ते नेमकं उलट सांगतं, एवढं दाखवलं तरी पुरे. मी अध्यापक विद्यालयात मानसशास्त्र शिकवते. अभिसंधान (कंडिशनिंग), प्रबलन (रीइन्फोर्समेंट), परिणामाचा नियम हे शब्द दर वर्षी फळ्यावर लिहिते. त्यातला अर्धा भागच शाळेपर्यंत पोचतो आणि त्या अर्ध्याच्या जोरावर मुलांच्या तळहातांवर वळ उठतात, हे पाहून मला राग येतो.

आधी पावलॉव्ह. त्याला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. कुत्र्यांचे पाचकरस मोजताना त्याच्या लक्षात आलं की अन्न तोंडात पडण्याआधीच, त्याची चाहूल लागताच लाळ सुटते. यात कुत्रा काही करायला शिकत नाही. शरीरात आपोआप घडणारी एक क्रिया नव्या खुणेला जोडली जाते. लाळ जोडली जाते तशी भीतीही जोडली जाते. गणिताच्या तासाला चुकलेल्या उत्तरावर पट्टी बसली की ती फक्त त्या उत्तराला चिकटत नाही. गणिताच्या पुस्तकाला, तास बदलल्याच्या घंटेला, व्हरांड्यात वाजणाऱ्या चपलांना, ती पट्टी धरणाऱ्या माणसाला, सगळ्यांनाच चिकटते. पुढे त्या मुलाला गणित आवडत नाही, असं आपण म्हणतो.

जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांचा १९२० मधला प्रयोग याच संदर्भात सांगतात. अकरा महिन्यांच्या बाळाला पांढरा उंदीर दाखवायचा आणि पाठीमागे पोलादी कांबीवर हातोडा हाणायचा. काही वेळा असं केल्यावर बाळ नुसता उंदीर पाहून रडू लागलं, आणि मग ससा, कुत्रा, केसाळ कोट पाहूनही. एकाच बाळावरचा, आज कोणतीही नीतिसमिती परवानगी देणार नाही असा हा प्रयोग आहे. त्याच्या नोंदींवर नंतर बरेच आक्षेप घेतले गेले आणि मी माझा मुद्दा त्यावर उभा करणार नाही. पण भीती एका जागी थांबत नाही हे त्यानंतरच्या कितीतरी भक्कम अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

पावलॉव्हच्याच प्रयोगशाळेतला दुसरा एक प्रयोग भाषणांमध्ये कधीच येत नाही. त्यात कुत्र्याला वर्तुळ दाखवलं की अन्न मिळे, लंबवर्तुळ दाखवलं की मिळत नसे. कुत्रा हा फरक छान शिकला. मग लंबवर्तुळ हळूहळू गोल करत नेलं. दोन अक्षांचं प्रमाण नवास आठ झालं, तेव्हा दोन आकृतींमधला फरक त्याला ओळखता येईना. इतके दिवस शांत असलेलं ते जनावर केकाटू लागलं, अंगावरची उपकरणं चावू लागलं. पुन्हा सोपी आकृती दाखवली, तर आधी नीट येत असलेलं ओळखणंही बिघडलेलं होतं. या कुत्र्याला कोणी मारलं नव्हतं. आवाक्याबाहेरचा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येत राहिला, एवढंच झालं. कुत्र्यावरून मुलाबद्दल सरळ निष्कर्ष काढू नये हे मला कळतं, पण पावलॉव्हचं नाव मी काढलेलं नाही. ज्यांनी काढलं त्यांनी हा प्रयोगही सांगावा.

आता मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक. आमच्याकडे तयारीचा, सरावाचा आणि परिणामाचा नियम सगळ्यांना पाठ असतो. परीक्षेत हमखास गुण देणारा प्रश्न आहे तो. पेटाऱ्यात कोंडलेल्या मांजरांवरचं त्याचं काम १८९८ चं, आणि परिणामाचा नियम त्याने १९११ च्या ग्रंथात मांडला: ज्या कृतीनंतर समाधान मिळतं ती पक्की होते, जिच्यानंतर त्रास होतो ती सुटत जाते. छडीचं सगळं तत्त्वज्ञान या दुसऱ्या अर्ध्या वाक्यावर उभं आहे. आणि थॉर्नडाइकने ते अर्धं वाक्य स्वतः मागे घेतलं. माणसांना अनोळखी शब्दाचा अर्थ पर्यायांतून निवडायला सांगायचं आणि ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढंच म्हणायचं, असे प्रयोग त्याने केले. ‘बरोबर’ म्हटलेलं उत्तर पुढच्या वेळी पुन्हा येई. पण ‘चूक’ म्हटल्याने चुकीचं उत्तर फारसं कमी होत नसे. १९३२ मध्ये त्याने नियम बदलला: समाधान कृतीला बळ देतं, पण त्रास तिला तेवढ्याच ताकदीने पुसून टाकत नाही. हे होऊन नव्वद वर्षं उलटली. आम्ही अजून १९११ शिकवतो आहोत.

स्किनरने हेच उंदरांवर वेगळ्या रीतीने दाखवलं. १९३८ च्या पुस्तकात त्याने असे उंदीर घेतले ज्यांना कळ दाबली की खाणं मिळायची सवय होती. मग खाणं बंद केलं. काही उंदरांना सुरुवातीच्या थोड्या वेळात कळ दाबताच तीच कळ पंजावर फटका देई. फटका बसत होता तोवर ते थांबले. फटका बंद झाल्यावर त्यांनी राहिलेलं सगळं दाबणं भरून काढलं. फटका न खाल्लेल्या उंदरांइतकंच. शिक्षेने सवय मोडली नव्हती, थोपवून धरली होती. सर वर्गाबाहेर गेल्यावर वर्गाचं काय होतं हे ज्याला माहीत आहे, त्याला या निष्कर्षाचं नवल वाटू नये. ज्या स्किनरला बक्षीस-शिक्षेचा बाप म्हणून आपल्याकडे उभं केलं जातं, त्याने १९४८ मध्ये ‘वॉल्डन टू’ या कादंबरीत आदर्श समाज रंगवला तो शिक्षेचा वापर न करणारा.

छडीवाल्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मला त्यांच्या वतीने मांडला पाहिजे, कारण ते तो मांडत नाहीत. नेथन अझ्रिन आणि विल्यम होल्झ यांनी १९६६ मध्ये शिक्षेवरच्या प्रयोगांचा सविस्तर आढावा घेतला आणि म्हटलं की शिक्षेने वर्तन कायमचं दबू शकतं, स्किनर समजत होता त्याहून जास्त. हे खरं आहे. पण कधी? शिक्षा पहिल्यापासूनच जबर हवी. हळूहळू वाढवत नेली तर प्राणी तिला सरावतो. ती कृतीनंतर त्याच क्षणी मिळायला हवी. प्रत्येक वेळी मिळायला हवी, एकदाही चुकता कामा नये. तिच्यातून निसटायला वाट असता कामा नये. आणि हवं ते मिळवायचा दुसरा, शिक्षेविना मार्ग मोकळा असायला हवा. आता ही यादी घेऊन पन्नास मुलांच्या वर्गात उभं राहा. पहिल्याच चुकीला जबर मारायचं? प्रत्येक कुजबुज त्याच क्षणी पकडायची? वर्गात होतं ते याच्या बरोबर उलटं. आधी डोळे वटारणं, मग टपली, मग पट्टी, मग अंगठे धरून उभं राहणं. दहा वेळा सुटतो, अकराव्यांदा सापडतो. प्राण्याला शिक्षेची सवय लावायची असेल तर प्रयोगशाळेत जे करावं लागेल तेच आपण करतो. ‘तो मार खाऊन कोडगा झालाय’ असं शिक्षक-खोलीत सर्रास म्हणतात. अझ्रिन आणि होल्झ न वाचताही त्यांचा निष्कर्ष तिथे सगळ्यांना ठाऊक असतो. फक्त त्याचं खापर मुलावर फुटतं.

त्याच अझ्रिनने रॉजर उलरिचबरोबर १९६२ मध्ये आणखी एक गोष्ट नोंदवली होती. दोन उंदीर एका पिंजऱ्यात ठेवून पायांखालून विजेचा झटका दिला की ते एकमेकांवर तुटून पडत. मधल्या सुट्टीत मैदानावर कोण कोणाला का मारतं, याचा विचार करताना मला हा पिंजरा आठवतो.

‘पण बाई, प्रत्यक्ष अनुभव वेगळा आहे,’ असं मला अनेक अनुभवी शिक्षक सांगतात, आणि त्यांचा अनुभव खोटा आहे असं मी म्हणत नाही. मारल्यावर वर्ग शांत होतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मात्र त्या क्षणी शिकतंय कोण, हे बघावं. गोंगाट त्रासदायक होता, हात उगारला, त्रास थांबला. शिक्षकाच्या हाताला लगेच, खात्रीचं बक्षीस मिळालं. परिणामाचा नियम इथे पूर्ण जोराने लागू होतो, पण तो मारणाऱ्याला. पंधरा मिनिटांनी गोंगाट परत येतो, तेव्हा हात आणखी लवकर उठतो. चांगली, प्रेमळ माणसंसुद्धा वर्षानुवर्षं मारत कशी राहतात, याचं याहून चांगलं उत्तर मला कुठे मिळालेलं नाही.

अनुभव आणखी एका प्रकारे फसवतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान इस्राएलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांपुढे बोलत होते: शिकवताना शिक्षेपेक्षा कौतुक जास्त उपयोगी. एक जुना प्रशिक्षक उठून म्हणाला, माझा अनुभव उलटा आहे. उत्तम उड्डाणाचं कौतुक केलं की पुढचं बिघडतं, खराब उड्डाणाबद्दल झापलं की पुढचं सुधारतं. काहनेमान यांना तिथेच उत्तर सापडलं. कोणाचीही कामगिरी वरखाली होत असते. फारच वाईट जमल्यानंतरची पुढची खेप बहुतेक वेळा आपोआपच थोडी बरी असते आणि फारच उत्तम जमल्यानंतरची थोडी कमी. मधे कोणी रागावलं किंवा शाबासकी दिली, तरी त्याने ती वरखाली झालेली नसते. एका चाचणीत चार गुण मिळाले म्हणून मार खाल्लेल्या मुलाला पुढच्यात आठ मिळाले, तर श्रेय छडीला जातं. मार न खाता चारावरून आठावर गेलेल्या मुलाकडे कोणाचं लक्षच नसतं.

‘खाली बसा’ या दोन शब्दांवरही एक प्रयोग झालेला आहे. चार्ल्स मॅडसन, वेस्ली बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये पहिलीच्या वर्गात शिक्षिकांना ‘खाली बसा’ जास्त वेळा म्हणायला सांगितलं. म्हटल्यावर मुलं त्या क्षणी बसत, पण एकंदर उठणं वाढलं. मग उठणाऱ्यांकडे दुर्लक्ष करून बसून काम करणाऱ्यांचं कौतुक करायला सांगितलं, तर उठणं कमी झालं. काही मुलांच्या वाट्याला शिक्षकाचं लक्ष फक्त रागावून घेतानाच येतं, आणि ती ते तसंच मिळवतात.

आता मूल काय शिकतं त्याकडे येते, कारण माझ्या दृष्टीने खरा प्रश्न हाच आहे. छात्राध्यापकांचे पाठ बघायला मी शाळांमध्ये जाते. एका चौथीच्या वर्गात पाढे चालले होते, वर्गशिक्षक हातात लाकडी पट्टी घेऊन बाकांमधून फिरत होते. ‘तेरा साती?’ एक मुलगी उभी राहिली. तिचे डोळे फळ्याकडे नव्हते, वरही नव्हते. पट्टीच्या टोकावर होते. ओठ हलत होते. तिने ‘एक्क्या...’ म्हणून सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिथे काही दिसलं नाही, म्हणून ‘अठ्ठ्या...’ म्हटलं, पुन्हा पाहिलं. एक्क्याण्णव तिला येत होतं. ओठांवर आलं होतं. पण पट्टी समोर असताना तेराचा पाढा हा तिचा प्रश्न उरलाच नव्हता. माणसाचा चेहरा वाचणं हा तिचा प्रश्न होता, आणि त्यात ती मन लावून, मोठ्या हुशारीने गुंतली होती.

व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी २०११ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधल्या तीन-चार वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका शाळेत काठीने मारणं, चापट, चिमटा हे रोजचं होतं. दुसऱ्या शाळेत नव्हतं. मुलाला एक खेळणं मागे ठेवून सांगायचं, मी येईपर्यंत वळून बघू नकोस. दोन्ही शाळांमधल्या बहुतेक मुलांनी वळून पाहिलं. म्हणजे मोह आवरण्याच्या बाबतीत माराचा उपयोग शून्य. फरक पुढे पडला. ‘पाहिलंस का?’ असं विचारल्यावर मार नसलेल्या शाळेत पाहिलेल्यांपैकी साधारण निम्मी मुलं खोटं बोलली, मार असलेल्या शाळेत जवळजवळ सगळी. आणि पुढचे प्रश्न विचारल्यावर आपलं खोटं सांभाळून नेणंही याच मुलांना जास्त चांगलं जमलं. संस्कार म्हणून जे लावायला निघालो होतो त्याच्या जागी वयाच्या चौथ्या वर्षी हे कौशल्य पक्कं झालं. घरच्या माराबद्दलही चित्र वेगळं नाही. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये ७५ अभ्यास, १ लाख ६० हजारांहून अधिक मुलं, एकत्र तपासली. चापटीशी जोडलेलं जे जे सापडलं ते वाईट बाजूचंच: आक्रमकता, चिंता, आईवडिलांशी बिघडलेलं नातं. मारामुळेच हे झालं की आधीच अवघड असलेल्या मुलांना मार जास्त बसतो, हा प्रश्न अशा अभ्यासात उरतोच. पण माराने मूल सुधारल्याचा पुरावा त्या ढिगात सापडत नाही, आणि सिद्ध करण्याची जबाबदारी हात उचलणाऱ्याची आहे.

मग ‘आम्ही घडलो’ त्याचं काय? मेळाव्याला कोण येतं ते बघा. डॉक्टर झालेले, तहसीलदार झालेले, पुण्यात घर घेतलेले येतात. पाचवीत शाळा सोडून गुरांमागे गेलेला येत नाही. गणिताच्या तासाला पोटात दुखतं म्हणून घरी राहू लागलेली आणि मग कायमची घरीच राहिलेली मुलगी येत नाही. ज्यांना घरून आधार होता, शिकवण्या होत्या, आजोबा पाढे म्हणून घेत होते, ती मुलं मार सोसूनही पुढे गेली. त्यांनी त्या माराला कृतज्ञतेने आठवावं हे मला समजू शकतं. ज्या माणसाने मारलं त्याने शिकवलंही होतं, आणि दोन्ही आठवणी एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. पण पुढे गेलेल्यांची साक्ष काढून मागे राहिलेल्यांबद्दल निकाल देता येत नाही.

छडी गेली म्हणून तिच्या जागी चॉकलेट आणि चांदण्यांचे स्टिकर आले, त्यानेही माझं समाधान होत नाही. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निसबेट यांनी १९७३ मध्ये चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना ‘चित्र काढलंस तर प्रमाणपत्र देऊ’ असं आधी सांगून प्रमाणपत्र दिलं. पुढे मोकळ्या वेळात त्या मुलांचं चित्र काढणं, काहीच न मिळालेल्या मुलांच्या मानाने निम्म्यावर आलं. ज्यांना न सांगता अचानक प्रमाणपत्र मिळालं त्यांची आवड मात्र टिकली. बक्षीस वाईट नसतं. जे मूल आपणहून करतं त्याचा सौदा करू नये, एवढं यातून घ्यावं.

शिकण्याला खरोखर काय बळ देतं, ते स्किनरला एका शाळेतच दिसलं होतं. १९५३ मध्ये तो आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला पालक म्हणून मागे बसला. काही मुलांनी उदाहरणं केव्हाच संपवली होती, काही अडून बसली होती, आणि आपलं उत्तर बरोबर आहे की नाही हे कोणालाच त्या वेळी कळत नव्हतं. वह्या तपासून दुसऱ्या दिवशी मिळणार होत्या. शिक्षिकेचा दोष नव्हता, एका माणसाला ते शक्यच नव्हतं. तिथून त्याची शिकवण्याची यंत्रं निघाली: छोटी पायरी, लगेच उत्तर, ज्याची त्याची गती. यंत्रं मागे पडली, पण ती तीन सूत्रं टिकून आहेत. त्यांच्यासाठी छडी लागत नाही. वही वेळेवर तपासून मिळावी लागते. आणि वह्यांचा गठ्ठा शिक्षक-खोलीत आठवडाभर पडून राहतो याचं कारण शिक्षकाचा आळस हे क्वचितच असतं. कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. त्याच शिक्षकाकडे पोषण आहाराच्या नोंदी आहेत, ऑनलाइन माहिती भरणं आहे, निवडणुकीची कामं आहेत. कायद्याने छडी काढून घेतली आणि तिच्या जागी द्यायचं ते पुरेसं दिलं नाही, ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे. ती शासनाकडे जोरात करावी, मी त्यांच्यासोबत उभी राहीन. ती तक्रार चौथीतल्या मुलीच्या तळहातावर लिहू नये.

वर्ग आवरायचं साधन लागतं हेही मला मान्य आहे. फळ्याच्या कोपऱ्यात मॉनिटर ‘बोलणारे’ अशी नावं लिहितो आणि सर आल्यावर त्या नावांचा हिशेब होतो, ही रीत आपल्याकडे जुनीच. हॅरिएट बॅरिश, मुरिएल सॉन्डर्स आणि माँट्रोझ वुल्फ यांनी १९६९ मध्ये याहून चांगलं काही करून दाखवलं. वर्गाच्या दोन फळ्या केल्या, नियम स्पष्ट सांगितले, नियम मोडला की खूण फळीच्या नावावर. खुणा कमी असलेल्या फळीला छोटीशी सवलत, आणि दोन्ही फळ्यांच्या कमी असतील तर दोन्हींना. गडबड झपाट्याने उतरली. बाल्टिमोरमध्ये १९८० च्या दशकात पहिलीच्या वर्गांत हा खेळ पद्धतशीर वापरला गेला आणि ती मुलं तरुण होईपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. पहिलीत सगळ्यात दांडगी असलेली मुलं पुढे व्यसनांकडे कमी वळलेली दिसली. हेही अभिसंधानाचंच संशोधन आहे. वर्ग आवरण्याचं तंत्र म्हणून आम्ही डी.एल.एड.च्या दोन वर्षांत हे एकदाही करून बघायला लावत नाही. थॉर्नडाइकचा नियम मात्र दर वर्षी लिहून घेतो, तोही १९११ चा. निदान प्रश्नपत्रिकेत ‘१९३२ मध्ये त्याने या नियमात कोणता बदल केला?’ हा उपप्रश्न यंदापासून घालायला कोणत्याही शासन निर्णयाची गरज नाही.